जुनी ई-क्लास घ्यायची तर वॉरंटी संपल्यानंतरची वर्षं तपासा

मर्सिडीज-बेंझ ई २५० सीडीआय, २०१४ ची, एमएच-१५ (नाशिक) पासिंग, एकच मालक, डिझेल ऑटोमॅटिक. भाच्यासाठी घेतली. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे सगळे ऋतू आता तिने आमच्याकडे काढले आहेत. गाडी उत्तम आहे आणि आम्ही समाधानी आहोत. मात्र हे मत या एका गाडीपुरतं आहे. याच वर्षाची, याच रंगाची, याच किमतीची दुसरी ई-क्लास शेजारी उभी असती तरी तिच्याबद्दल मी असं बोललो नसतो. दहा वर्षांच्या महागड्या गाडीत मॉडेलच्या नावाचा भरवसा थोडाच पुरतो, पुढचा भरवसा त्या एका गाडीचा असतो आणि तो आपला आपण तपासावा लागतो.

माझी उमेदीची वर्षं सातपूरला डिझेल इंजेक्टरच्या टेस्ट बेंचवर गेली. एका स्ट्रोकला किती घन मिलिमीटर डिझेल पडतं, फवारा कसा फुटतो, रिटर्न (न फवारता परत फिरणारं डिझेल) किती येतो, हे पाहण्याची डोळ्याला आणि कानाला सवय आहे. त्यामुळे खालचं लिखाण इंजिनाकडे झुकलेलं वाटेल. सीटचं लेदर, सनरूफ, म्युझिक यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

भाच्याची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. निर्यातीच्या कामासाठी वाशी आणि न्हावा-शेवा सतत चालू असतं, म्हणजे हायवेचं धावणं भरपूर. त्याला मोठी, सुरक्षित, लांबच्या पल्ल्याची गाडी हवी होती आणि बजेट नव्या मध्यम एसयूव्हीपेक्षाही कमी होतं. त्याने मला मोबाइलवर परदेशातल्या विश्वासार्हतेच्या याद्या दाखवल्या. "मामा, हे बघा, यात ही गाडी वर आहे."

त्या याद्या खोट्या नाहीत, पण त्या काय मोजतात ते समजून घ्यायला हवं. जर्मनीत गाडीची पहिली सक्तीची तपासणी तिसऱ्या वर्षी होते आणि नंतर दर दोन वर्षांनी. टीयूव्ही या तपासणी संस्थेचा अहवाल त्या तपासणीत निघालेल्या दोषांवर बनतो: दिवे, ब्रेक, सस्पेन्शन, ऑईलगळती. एडीएसी ही संस्था रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांचा हिशेब ठेवते, आणि त्यात सगळ्यात वरचं कारण बॅटरी असतं. इंजेक्टर किती झिजले, गिअरबॉक्सचं ऑईल कधी बदललं, हे दोन्हीकडे दिसत नाही. शिवाय तिकडच्या गाड्या तिकडच्या रस्त्यांवर, तिकडच्या सर्व्हिसवर चाललेल्या. गंगापूर रोडवर उभ्या असलेल्या गाडीचा आधीचा मालक काय करत होता, हे म्युनिकहून कोणी सांगू शकत नाही.

मॉडेल ठरवायला म्हणून आम्ही फार वेळ घातला नाही. डब्ल्यू २१२ पिढीची ई-क्लास जगात २००९ ला आली, २०१३ ला तिचा चेहरा बदलला आणि २०१६ पर्यंत चालली. जर्मनीत हीच गाडी टॅक्सी म्हणून भरपूर धावली आहे. भारतातली जोडणी चाकणची. २१४३ सीसीचं ओएम ६५१ इंजिन, २०४ अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क. आमच्या गाडीला स्टीलच्या स्प्रिंगा आहेत, हवेचं सस्पेन्शन नाही. जुन्या गाडीत ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हवेच्या पिशव्या आणि त्यांचा कॉम्प्रेसर वयानुसार जाणारच, आणि गेले की खर्च मोठा.

याच पैशात बीएमडब्ल्यूची ५२०डी आणि ऑडीची ए६ येते. ५२०डीचा आठ गिअरचा झेडएफ गिअरबॉक्स मला मनापासून आवडतो. चालवायलाही ती ई-क्लासपेक्षा जिवंत गाडी आहे. ए६ आपल्या शेंद्र्याला जुळलेली, आतून सगळ्यात देखणी. पण त्या काळच्या २.० टीडीआय ए६ ला मल्टिट्रॉनिक हा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला) गिअरबॉक्स होता, पुढे ऑडीने तो बंदच केला. तो उघडून नीट बांधणारा माणूस नाशकात शोधावा लागेल. भाच्याची गाडी हंगामात एक दिवसही उभी राहून चालत नाही, म्हणून ए६ आम्ही बाजूला ठेवली.

आता मुख्य मुद्दा. अशी गाडी नवी असते तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं कंपनीची वॉरंटी असते. बरेच मालक त्यापुढे वाढीव वॉरंटी किंवा सर्व्हिस पॅकेज घेतात. तोवर सगळं शोरूममध्ये, वेळच्या वेळी होतं. मग पॅकेज संपतं, पहिलं मोठं बिल येतं, आणि तिथे मालकांचे दोन रस्ते होतात. एक जण बिल भरतो. दुसरा म्हणतो, पुढच्या वर्षी विकायचीच आहे, आता फक्त इंजिन ऑईल बदला. ते "पुढचं वर्ष" कधीकधी तीन वर्षं लांबतं. गाडीचा पुढचा जन्म त्या तीन वर्षांत ठरतो. म्हणून मी मालकाला पहिल्या पाच वर्षांबद्दल जवळजवळ काहीच विचारत नाही. पाचवं ते आठवं वर्ष कुठे काढलं, कोणी हात लावला, बिलं कुठे आहेत, एवढंच विचारतो.

आमच्या गाडीच्या मालकांनी, ते गंगापूर रोडला राहणारे निवृत्त गृहस्थ, फाइल काढून दिली. मी बिलं तारखेने आणि किलोमीटरने एका कागदावर उतरवून काढली. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्या तपासणीत याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. पॅकेज संपल्यावर त्यांनी गाडी बाहेरच्या गॅरेजला नेली होती. त्यात काही वाईट नाही. बघायचं हे की त्या गॅरेजच्या बिलावर ऑईलचा नुसता "सिंथेटिक" असा उल्लेख आहे की नंबर आहे. आमच्या बिलांवर मर्सिडीजची २२९.५१ ही मान्यता स्पष्ट लिहिलेली होती. ब्रेक फ्लुइड बदलल्याची नोंद होती, कूलंटची होती, आणि गिअरबॉक्सचं ऑईल फिल्टरसकट बदलल्याची होती.

या शेवटच्या नोंदीवर मी थांबलो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल आयुष्यभर चालतं असं विकणारे आजही ठासून सांगतात. बीएमडब्ल्यूनेही ते "लाइफटाइम" म्हणून भरलं होतं, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ते बदला असं सांगते. मर्सिडीजच्या सात गिअरच्या बॉक्सलाही ठरावीक अंतराने ऑईल आणि फिल्टर लागतोच. ज्या मालकाने कोणी न सांगता हा खर्च केला, त्याने बाकीचंही केलं असणार असा माझा अनुभव आहे. आणि ज्याला या ऑईलबद्दल माहीतच नाही, त्याची गाडी कितीही चकाकत असली तरी मी किंमत पाडूनच बोलतो.

फाइलमध्ये एक मोठी फट होती, २०२० ची. ती लॉकडाऊनची निघाली. गाडी जवळपास उभीच होती, आधीच्या आणि नंतरच्या बिलांवरचे किलोमीटरही तेच सांगत होते, आणि लगेच पुढचं बिल नव्या बॅटरीचं होतं. फट असणं हा दोष नाही, तिचा हिशेब लागला पाहिजे.

आधी पाहिलेल्या गाड्यांत एक जर्मन सेडान होती, नाव घेत नाही. मीटरवर बासष्ट हजार. विकणाऱ्याचं पालुपद होतं, "साहेब, गाडी चाललीच नाहीये." भाचा खूश. पण स्टिअरिंगचं लेदर वरच्या बाजूला गुळगुळीत झालेलं, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बसलेली, ब्रेक पेडलच्या रबराचे कंगोरे गेलेले. शिवाय चालू विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस शून्य. एकाच मालकाच्या, काही न झालेल्या गाडीचा हा बोनस २० टक्क्यांवरून चढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो. तो शून्यावर आला म्हणजे आदल्या वर्षी क्लेम झालेला असण्याची दाट शक्यता. कागद उलटवला की दिसणारी ही गोष्ट फार कमी लोक बघतात. मी मालकाला शांतपणे म्हटलं, तुमच्या नोंदलेल्या मोबाइलवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि चेसिस नंबरवरची सर्व्हिस हिस्टरी मागवा. काही वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसलाच एक लाखाच्या वर किलोमीटर नोंदलेले निघाले. मग मीटरचा क्लस्टर बदलल्याची गोष्ट पुढे आली. आम्ही चहाही न घेता निघालो.

मीटर मागे फिरवणं जुन्या मॉडेलांत अवघड नाही, पण गाडी बऱ्याच ठिकाणी हिशेब ठेवते. बीएमडब्ल्यूच्या किल्लीतसुद्धा किलोमीटर लिहिलेले असतात. मर्सिडीजमध्ये क्लस्टरशिवाय इग्निशन स्विचच्या मोड्युलमध्ये नोंद असते. चांगला स्कॅनर असलेला माणूस हे आकडे शेजारी ठेवून बघतो. म्हणून गाडी अंबडला एका गॅरेजमध्ये लावली. तिथला मेकॅनिक जर्मन गाड्यांवरच काम करतो आणि विकणाऱ्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची. विकणाऱ्याने सुचवलेल्या गॅरेजची तपासणी मी तपासणी धरत नाही.

पण गॅरेजच्या आधी थंड इंजिन.

मालकांना आदल्या रात्री फोन करून सांगितलं, "सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." जानेवारी होता. निफाडचा पारा त्या दिवसांत राज्यात सगळ्यात खाली असतो हे आपल्याला दर हिवाळ्यात पेपरात वाचायला मिळतं, आणि नाशिक शहरही काही मागे नसतं. जुनी डिझेल गाडी तपासायला हे दिवस सोन्यासारखे आहेत. मे महिन्यात अर्धमेले ग्लो प्लग (थंड इंजिन लागावं म्हणून सिलिंडर तापवणारे) आणि दमलेली बॅटरी सहज लपतात, जानेवारीच्या सकाळी लपत नाहीत. मी गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. एखाद्या ठिकाणी तो कोमट लागला तर मी त्या दिवशी पुढे काही बघतच नाही, कारण कोणीतरी आधीच गाडी चालू करून ठेवली आहे आणि का, ते आपल्याला कळणार नाही.

ओएम ६५१ ची टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारी साखळी) इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ डिझेलमध्येही तसंच, आणि त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या चेनच्या तक्रारी जगभर गाजल्या. चेन सैल झाली किंवा तिचा टेन्शनर कमजोर झाला की थंड स्टार्टला पहिले काही सेकंद इंजिनाच्या मागून, फायरवॉलच्या बाजूने खडखड येते. ऑईलचा दाब भरला की ती थांबते. म्हणून किल्ली फिरवताना मी स्वतः गाडीत बसत नाही. भाचा आत, मी बाहेर, बॉनेट उघडं, कान मागच्या बाजूला. मागच्या चेनचं काम म्हणजे मोठी उघडाउघड, पार्टपेक्षा मजुरी जास्त. तो आवाज एकदा ऐकू आला तर किमतीत कितीही सूट मिळाली तरी मला ती गाडी नको.

आमची गाडी पहिल्या फिरवण्यात लागली. डिझेलची टकटक आली, ती येणारच, हे इंजिन आयडलला गोड नाही. मागून काही नाही. सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ, मिनिटभरात गेली. निळसर धूर असता तर ऑईल जळतंय, टर्बोकडे किंवा रिंगांकडे बघावं लागलं असतं. काळा भपका राहिला असता तर इंजेक्टर किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप). मी सायलेन्सरमागे रुमाल धरून बघितला, ऑईलचा थेंब नाही.

इंजेक्टरांबद्दल थोडं जास्त लिहितो. ओएम ६५१ च्या सुरुवातीच्या काळात, साधारण २०११ पर्यंत, त्यात डेल्फीचे पिझो इंजेक्टर होते. त्यांत अडचणी आल्या आणि मर्सिडीजने पुढे सोलेनॉइड इंजेक्टर दिले. त्यामुळे २००९-१० ची ई-क्लास स्वस्तात मिळाली तरी इंजेक्टर बदलल्याचा पुरावा मागा. नंतरच्या गाडीतही आकडे बघाच. इंजिन आयडलला असताना कॉम्प्युटर प्रत्येक सिलिंडरला थोडं कमी-जास्त डिझेल देऊन चारही सिलिंडर सारखे ओढतो. एखादा इंजेक्टर कमी टाकत असेल तर त्याला जास्त वेळ उघडतो. हे करेक्शनचे आकडे स्कॅनरवर दिसतात. चारही शून्याच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ असले की मी निश्चिंत होतो. एक एकीकडे आणि तीन दुसरीकडे असले की त्या एकाचं आयुष्य संपत आलंय. हे आकडे इंजिन थंड असताना आणि पूर्ण गरम झाल्यावर, दोन्ही वेळा बघायचे. अंबडच्या मेकॅनिकने मी न सांगता दोनदा पाहिले, तेव्हाच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

स्कॅनरवरची आणखी एक ओळ प्रत्येकाने बघावी, तिला महागडं मशिनही लागत नाही. फॉल्ट कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हे बहुतेक गाड्या त्यांच्या कॉम्प्युटरला जोडायच्या साध्या ओबीडी उपकरणावरही सांगतात. "एकही एरर नाही" हे वाक्य तेवढ्यावर ऐकून घेऊ नका. कोड पुसून चाळीस किलोमीटर झाले असतील तर एरर नसणारच, ते परत यायला गाडीला वेळच मिळाला नाही. एका ठिकाणी आम्हाला हेच दिसलं होतं. आमच्या गाडीत शेवटचं पुसणं काही हजार किलोमीटरांमागचं निघालं, आणि त्याच सुमाराचं सर्व्हिसचं बिलही फाइलमध्ये होतं.

ज्या गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तो आहेच, तिथे काजळी आणि राख किती भरली आहे तेही बघा. काजळी हायवेवर जळून जाते, राख जळत नाही.

चाचणीला गाडी कॉलेज रोडवर फिरवून आणणं म्हणजे काहीच नाही. मालक स्वतः शेजारी बसले, म्हणाले, "कुठे न्यायची तिथे न्या." मुंबई नाका, पाथर्डी फाटा, विल्होळी, घोटी, इगतपुरी आणि कसारा घाट उतरून परत वर. असा मालक भेटणं हीसुद्धा गाडीच्या तब्येतीची खूण आहे. घाट चढताना कूलंटचा काटा जागचा हलला नाही. हलक्या पायाने साठ ते ऐंशीच्या दरम्यान गाडी चालवत मी गिअरबॉक्सच्या कंपनाची वाट बघितली. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडणारा क्लच) बिघडत असेल तर याच वेगात, याच हलक्या ओढीत थरथर जाणवते. जोरात दाबलं की ती झाकली जाते, म्हणून विकणारे चाचणीला गाडी पळवून दाखवतात. उतारावर ब्रेक दाबून स्टिअरिंग हलतंय का पाहिलं. मग इगतपुरीला चहासाठी थांबलो, गाडी बंद केली आणि दहा-बारा मिनिटांनी परत चालू केली. गरम स्टार्टला स्टार्टर लांबला तर इंजेक्टरचा रिटर्न जास्त आहे, रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) दाब भरायला वेळ लागतोय असा संशय घ्यायचा. हे थंड स्टार्टइतकंच महत्त्वाचं आहे आणि जवळपास कोणी बघत नाही.

परत येताना मुद्दाम नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीत घातली. तापलेल्या गिअरबॉक्सने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्का दिला असता तर तिथेच दिला असता.

खालून बघितल्यावर पुढच्या लोअर आर्मचे बुश फाटायला आलेले निघाले. आपल्या स्पीडब्रेकरवर एवढी वर्षं चाललेल्या गाडीत हे होणारच, ही झीज आहे, बिघाड नाही. टायरवरचा चार आकडी कोड वाचला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मागचे दोन टायर सहा वर्षांच्या वर होते. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर कडक. बुश आणि टायरचे पैसे आम्ही किमतीतून सरळ कमी करून घेतले, मालकांनीही ओढाताण केली नाही.

पेंटचं माप घेतलं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. मागच्या डाव्या दरवाजावर ते अडीचशेच्या पुढे गेलं, म्हणजे दरवाजा रंगवलेला. मालकांनी ते पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, सोसायटीच्या गेटला घासला होता. हजारच्या आसपास माप आलं असतं तर आत पुट्टी भरली आहे, आणि मग अपघाताची चौकशी करावी लागते. दरवाजे आणि काचा यांपेक्षा बॉनेटचे, फेंडरचे बोल्ट बघा. पान्याचे ओरखडे असलेला बोल्ट म्हणजे तो भाग उतरवलेला आहे.

पुराचं पाणी मात्र मी सगळ्यात कडकपणे बघतो. गोदावरीला २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेला पूर नाशिककर विसरलेले नाहीत. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. तेव्हा बुडालेल्या गाड्या कुठेतरी गेल्याच ना. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, गालिच्याखालचा फोम, डिकीत स्टेपनीखालची जागा बघा. इतकी वायरिंग आणि मोड्युलं असलेल्या गाडीत पाणी शिरलं की वर्षभराने एकेक गोष्ट बंद पडायला लागते आणि कुठलाच मेकॅनिक ती गाडी पूर्ण बरी करू शकत नाही. इथे संशयाचा फायदा द्यायचा नाही.

कागदांचं थोडक्यात. परिवहनच्या ॲपवर आरसी, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. जुने ई-चलान मालकाकडूनच भरून घ्या, आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (सुरक्षा खुणा असलेली नंबरची) पाटी बसली आहे का बघा. दिल्लीकडून आलेल्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात दाखवल्या जातात. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, म्हणून त्या बाहेर आल्या. गाडी चांगलीही असू शकते, पण एनओसी, इकडचा रोड टॅक्स आणि पासिंग धरून हिशेब केला की स्वस्ताई बरीच उतरते. २०१४ च्या गाडीची नोंदणी २०२९ पर्यंत. पुढे फिटनेस, पाच वर्षांचं नूतनीकरण आणि हरित कर आहे, हेही भाच्याला आधीच समजावून सांगितलं.

गाडी घरी आल्यावर लगेच इंजिन ऑईल, सगळे फिल्टर, ब्रेक फ्लुइड, बुश आणि मागचे टायर केले. किमतीच्या साधारण पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवायला लावली होती, त्यातली निम्मीच लागली. पार्टसाठी प्रत्येक वेळी मर्सिडीजचं खोकं लागत नाही. सस्पेन्शनला लेमफर्डर, फिल्टरला मान किंवा माले, असे मूळ गाडीला माल पुरवणाऱ्यांचेच पार्ट मिळतात. नकली खोक्यांपासून मात्र जपा, बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

चालवायला गाडी शांत आणि भारदस्त आहे. समृद्धीवर इगतपुरीहून पुढे लागल्यावर तिला श्रम पडतायत असं वाटतच नाही. मागच्या सीटवर माझी वयस्कर बहीण मुंबईपर्यंत पाठ न दुखता जाते, हे मला पाचशे न्यूटन-मीटरपेक्षा मोठं वाटतं. स्क्रीन जुन्या काळाची आहे, मोबाइलचा नकाशा तिच्यावर येत नाही. पोट खाली आहे, बागेच्या कच्च्या रस्त्यावर नेता येत नाही, तिथे भाच्याची पिकअप जाते.

ज्याचं धावणं रोज पंचवटी ते सातपूर एवढंच आहे, त्याने ही डिझेल घेऊ नये. इंजिन नीट गरम होण्याआधीच घर येतं, आणि ईजीआर काजळीने भरत जातो. त्याने पेट्रोल ई २०० शोधावी, शक्यतो २०१३ नंतरची. आधीच्या एम २७१ पेट्रोल इंजिनात चेन ताणण्याच्या आणि कॅम ॲडजस्टरच्या तक्रारी आहेत, त्यामुळे तिथेही बॉनेट गार असतानाच जा आणि पहिल्या स्टार्टला बाहेर उभे राहून ऐका.